स्ट्रेट पूल खरंच संथ आहे का?
भाऊ, स्ट्रेट पूल, म्हणजे क्यूने (काठीने) पांढरा बॉल मारून बाकीचे १५ बॉल टेबलाच्या खिशांत पाडायचा खेळ, फार रेंगाळतो, प्रत्येक फटक्याला घड्याळ लावा, असं तुम्ही म्हणता. मला नाही पटत. १४ बॉल खिशात गेले की ते पुन्हा त्रिकोणात रचतात, तेव्हा उरलेला पंधरावा कुठे थांबलाय ते बघा. तो पाडता पाडताच पांढऱ्याने नवा रॅक, म्हणजे तो रचलेला त्रिकोण, फोडायचा असतो! त्यासाठी खेळाडू तीन-चार बॉल आधीपासून जागा राखत येतो. अमेरिकन खेळाडू विली मॉस्कोनीने १९५४ साली असे न चुकता सलग ५२६ बॉल पाडले. इथे धरमपेठेत रात्री कूलरसमोर मोबाईलवर सामना बघताना, खेळाडू टेबलाभोवती एक चक्कर मारून क्यूला खडू लावतो ना, तिथेच माझा श्वास अडकतो. घड्याळ लावायचंच तर नुसत्या बचावाच्या फटक्यांना लावा, तिथे मात्र तुमचं म्हणणं मान्य.