मदत हवी आहे: इंदिरा सागरला गळ टाकायला जातोय

नमस्कार मंडळी, इंदूरहून आम्ही तिघं दिवाळीनंतर दोन रात्री खंडव्याकडे नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या बॅकवॉटरला जायचं म्हणतोय, १६ जून ते १५ ऑगस्टची मासेमारीबंदी तेव्हा संपलेली असते पण परमिटचं नेमकं कुणाला विचारायचं? आतापर्यंत फक्त इंदूरजवळच्या चोरलला कणकेच्या गोळ्यांवर बारकी मासळी काढलीये, तर रोहू-कटल्यासाठी लाईन किती जाडीची घेऊ? मागच्या वेळी आमिष मुंग्यांनी फस्त केलं, त्यात मोबाईलला रेंज नाही, घरी बायको काळजीत, तो गोंधळ परत नकोय. महाशीर लागलाच तर सोडूनच देणार, मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे तो. (काका म्हणतात पोहे-शेव भरपूर न्या, मासे मिळोत न मिळोत!) आणि तंबू काठापासून किती लांब ठोकावा, पाणी रात्रीतून चढतं का तिथे?