टाकीतले टायगर बार्ब मासे एंजल माशांचे पर तोडतायत, कडा पांढऱ्या पडल्यात

तीन फुटी टाकी, १०० लिटर पाणी. २ एंजल, ४ टायगर बार्ब. एंजलच्या खालच्या लांब परांचे तुकडे पडलेत, कडेला दुधी रेघ आहे. टाकीतच औषध घालू का?

उत्तर १
टाकीत नको. मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाने फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात, माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया चढतो आणि दुखणं बळावतं. जखमी एंजल २० लिटरच्या टबात काढा. त्यात जुन्या टाकीतला स्पंज फिल्टर, तापमान २७ अंश. खडे मीठ, आयोडीनवालं नको, २० ग्रॅम विरघळवून घाला. दुसऱ्या दिवशी आणखी २०. रोज ६ लिटर पाणी बदला, नव्या पाण्यात १२ ग्रॅमच मीठ आणि अँटीक्लोरिन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध). वाफ होऊन उडालेल्या पाण्याची भर साध्या पाण्याने करा. इथेच बरेच जण चुकतात, त्यातही मीठ घालतात, मग मीठ वाढत जातं आणि मासा आणखी थकतो.

उत्तर २
दुधी रेघ आत, अंगाकडे सरकतेय का ते रोज बघा. सरकत असेल तर मिठावर थांबू नका, जिवाणूंवरचं औषध टबातच द्या. कड स्वच्छ होऊन नवा पारदर्शक पडदा उगवला की पर भरतोय.

उत्तर ३
बरा झाला तरी एंजल परत त्या टाकीत सोडू नका, कृपा करून. बार्ब ८-१० केले की आपापसात पाठलाग करतात हे खरं, पण संथ, लांब पराचा मासा समोर असला की टोचतातच. बार्ब दुकानात परत द्या.