‘झीज’ की ‘पुट’? संमीलन भट्टीतील आरशांसाठी शब्द

प्रश्न : अणुसंमीलनाच्या (हलकी अणुकेंद्रके जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) भट्टीत तप्त प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूचा, प्रकाश मापनयंत्रांपर्यंत पोहोचवणारे धातूचे आरसे असतात. ते हळूहळू निकामी होतात, यासाठी मी ‘आरशांचा ऱ्हास’ असे लिहिले आहे. त्याऐवजी ‘गंज’ किंवा ‘क्षरण’ अधिक नेमके ठरेल का?

उत्तर : ‘गंज’ कृपया टाळावा. गंज हवेने आणि ओलीने चढतो. भट्टीचे पात्र तर निर्वात केलेले असते. ‘ऱ्हास’ चूक नाही, परंतु तो केवळ परिणाम सांगतो, आणि येथे तर एकमेकांच्या अगदी उलट अशा दोन क्रिया घडतात. प्लाझ्मातील वेगवान हायड्रोजन-आयन (विद्युतभारित अणू) इलेक्ट्रॉन मिळवून उदासीन झाले, की प्लाझ्माला कोंडून ठेवणारे चुंबकीय क्षेत्र त्यांना रोखू शकत नाही. ते थेट आरशावर आदळून त्याच्या पृष्ठभागावरचे अणू उडवतात. ही ‘झीज’ (आपले ‘क्षरण’ फार तर हिलाच लागू पडेल). याउलट भिंतीवरून सुटलेले टंगस्टन, बेरिलियम किंवा कार्बन आरशावर येऊन बसते, तेव्हा त्यावर ‘पुट चढते’, आणि अवघ्या दहा-वीस नॅनोमीटर जाडीचे पुटही परावर्तन बरेच घटवू शकते. येथे ‘लेप’ म्हणू नये, कारण लेप मुद्दाम दिलेला असतो. उदाहरणार्थ, परावर्तन वाढावे म्हणून आरशाला देतात तो ऱ्होडियमचा लेप.

झिजेबद्दल आणखी एक बारकावा जपावा. आरशांसाठी वापरल्या जाणाऱ्या मॉलिब्डेनम या धातूच्या बहुस्फटिकी रूपात शेजारशेजारचे स्फटिककण कमी-अधिक वेगाने झिजतात, त्यामुळे पृष्ठभागावर सूक्ष्म पायऱ्या पडून प्रकाश विखुरतो. एकस्फटिकी मॉलिब्डेनमचा आरसा मात्र झिजूनही बराच काळ गुळगुळीत राहतो. म्हणून ‘झिजला’ आणि ‘खडबडीत झाला’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

प्रश्न : मग ‘काळवंडणे’ चालेल का?

उत्तर : ते काचेसाठी राखून ठेवावे. न्यूट्रॉन आणि गॅमा किरणांच्या माऱ्याने काच खरोखरच काळवंडते, आणि म्हणूनच फ्रान्समधील इटर भट्टीत प्लाझ्मासमोर भिंगांऐवजी धातूचे आरसे योजले आहेत. आरशाजवळ सौम्य प्लाझ्मा पेटवून पुट काढता येते. झिजलेला धातू मात्र परत येत नाही, शिवाय ही सफाईसुद्धा आरशाला थोडे झिजवतेच. हे वाक्य केवळ ‘ऱ्हास’ या शब्दावर लिहून पाहिले, तर त्यातला अर्थच निसटतो. तेव्हा शीर्षकात ‘ऱ्हास’ ठेवावा, आणि मजकुरात मात्र ‘झीज’ व ‘पुट’ वेगवेगळे लिहावेत.