कुंडीतल्या कागदी लिंबाची खराब पाने काढावीत की ठेवावीत?

गच्चीकर:
नमस्कार. पुण्यात आमच्या गच्चीवर मोठ्या कुंडीत कागदी लिंबाचे कलम आहे. पावसाळा सरता सरता त्याची निम्मीअधिक पाने खराब झाली आहेत. काही कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा उमटून ती आक्रसली आहेत, काहींच्या कडा कुरतडलेल्या आहेत, तर शेंड्याकडची नवी पाने पिवळी पडली असूनही त्यांच्या शिरा हिरव्याच आहेत. शेजारी म्हणतात, सगळी छाटून टाका, नवी पालवी फुटेल. हे योग्य ठरेल का? पाणी बोअरचे आहे.

मातीकाम:
सरसकट छाटू नये. कुरतडलेले पान भरून येत नाही हे खरे, पण त्याचा जेवढा भाग हिरवा आहे तेवढा झाडासाठी अन्न तयार करतच राहतो.

आंबटगोड:
आपण सांगितलेल्या तिन्ही लक्षणांची कारणे वेगवेगळी आहेत. नागमोडी रेघा नागअळीच्या आहेत. ही अळी पानाच्या पापुद्र्याखाली राहून आतला गर खाते, त्यामुळे वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. शिवाय ती कोवळ्या पानांवरच येत असल्याने, छाटणी करून भरपूर नवी पालवी आणणे म्हणजे तिला पंगतीचे आमंत्रण देण्यासारखे आहे. त्याऐवजी पालवी फुटू लागताच एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब मिसळून, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूसही फवारावे.

कडा कुरतडणारी बहुधा लिंबावरच्या फुलपाखराची अळी असावी. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून नजरेतून सुटते; मोठी झाल्यावर हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. एका झाडापुरती ती हाताने वेचली तरी पुरते. जवळ कढीपत्ता असल्यास तोही तपासावा.

पिवळेपणाचे कारण मात्र कीड नव्हे. जुन्या पानांतले लोह नव्या पानांकडे फारसे सरकत नाही, त्यामुळे त्याची कमतरता आधी शेंड्याला दिसते. बोअरच्या जड पाण्याने माती विम्लधर्मी (आम्लधर्मीच्या उलट) होत गेली की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह) वेष्टनावरील प्रमाणात द्यावे आणि शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी घालावे. त्याआधी कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे आहे ना, हे पाहावे. साचलेल्या पाण्यात मुळे गुदमरली तरी पाने पिवळी पडतात.

बागवेडी:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण एक अपवाद सांगते. पानांवर खरबरीत, उंचवट्यासारखे तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळे वलय दिसल्यास तो खैऱ्या रोग समजावा. नागअळीच्या जखमांतून तो सहज शिरतो. तशी पाने कोरड्या दिवशी काढावीत, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसावी आणि ती पाने कंपोस्टमध्ये मुळीच टाकू नयेत.

गच्चीकर:
मनःपूर्वक आभार. खरबरीत ठिपके दिसले नाहीत. तळाचे छिद्र मात्र मुळांनी पूर्ण बुजले आहे.

आंबटगोड:
मग औषधांआधी कुंडी बदलावी, आणि ऑक्टोबरचे ऊन कडक असल्याने त्यानंतर आठवडाभर कलम सावलीत ठेवावे.