इंडियमचे इलेक्ट्रॉन काढणे सोपे असूनही त्याची +१ अवस्था का टिकते?

प्रश्न (बारावीची रसायन शिक्षिका):
पी-खंडातील मूलद्रव्ये शिकवताना निष्क्रिय युग्म परिणामाचे (गटातील जड मूलद्रव्ये नेहमीपेक्षा दोनने कमी ऑक्सिडेशन अवस्थेत, उदा. +३ ऐवजी +१ मध्ये, टिकतात याचे) स्पष्टीकरण आपण ठरावीक पद्धतीने देतो. गटात खाली जाताना आतील डी आणि एफ कक्षकांतील इलेक्ट्रॉन केंद्रकाचे आकर्षण नीट झाकू शकत नाहीत, म्हणून बाहेरील एस कक्षकातील जोडी घट्ट धरली जाते आणि बंधात भाग घेत नाही. यंदा एका विद्यार्थिनीने दुसऱ्या आणि तिसऱ्या आयनीभवन ऊर्जांची, म्हणजे अणूतील दुसरा आणि तिसरा इलेक्ट्रॉन काढण्यास लागणाऱ्या ऊर्जांची, बेरीज करून आणली. ती ॲल्युमिनिअमसाठी सुमारे ४५६०, गॅलियमसाठी ४९४०, इंडियमसाठी ४५२५ आणि थॅलियमसाठी ४८५० किलोजूल प्रति मोल येते. म्हणजे इंडियमची जोडी ॲल्युमिनिअमच्या जोडीपेक्षा किंचित सैलच आहे. तरीही इंडियमचे मोनोक्लोराइड (+१ अवस्थेतील क्लोराइड) घनरूपात मिळते आणि ॲल्युमिनिअमचे सामान्य तापमानाला टिकत नाही, ते का? मला वर्गात उत्तर देता आले नाही.

उत्तर १:
विद्यार्थिनीचे गणित बरोबर आहे; अपुरे आहे ते आपले नेहमीचे स्पष्टीकरण. रसायनशास्त्रज्ञ सिजविक यांनी १९२७ मध्ये ‘निष्क्रिय जोडी’ हा शब्दप्रयोग केला आणि त्या ‘निष्क्रिय’ शब्दामुळे आपण फक्त इलेक्ट्रॉन काढण्याच्या खर्चाकडे पाहत राहतो. जमेची बाजूही पाहावी लागते. +१ वरून +३ वर जाताना दोन इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जा खर्च होते, पण त्या बदल्यात दोन नवे बंध तयार होतात. रसायनशास्त्रज्ञ ड्रागो यांनी १९५८ मध्ये हाच मुद्दा मांडला. ट्रायक्लोराइडमधील (+३ अवस्थेतील क्लोराइडमधील) सरासरी बंधऊर्जा गॅलियमसाठी सुमारे २४२, इंडियमसाठी २०६ आणि थॅलियमसाठी अवघी १५३ किलोजूल प्रति मोल आहे. अणू मोठा होत जातो तसे त्याचे संयुजा कक्षक पसरट होतात, क्लोरीनच्या कक्षकांशी त्यांचे अतिव्यापन (एकमेकांवर पसरणे) कमी होते आणि बंध दुबळे पडतात. इंडियमच्या बाबतीत खर्च वाढलेला नाही, मिळकत घटली आहे. थॅलियमच्या बाबतीत मात्र खर्चही वाढला आणि मिळकतही घटली, म्हणून तेथे +१ अवस्थेचे पारडे इतके जड होते की, ज्याला आपण थॅलियम ट्रायआयोडाइड म्हणतो त्यातही थॅलियम +१ असतो आणि तीन आयोडीन अणूंचा मिळून एक ऋण आयन बनतो. परीक्षेत फसवण्यासाठी हा प्रश्न हमखास विचारला जातो!

उत्तर २:
वरील उत्तरात एक भर घालतो. इंडियमपेक्षा थॅलियम खालच्या आवर्तनात असूनही त्याची बेरीज ३०० हून अधिक किलोजूलने वाढते. याचे एक कारण ४एफ इलेक्ट्रॉनांचे अपुरे आवरण हे आहेच, पण दुसरे कारण सापेक्षतेचे, म्हणजे प्रचंड वेगामुळे होणाऱ्या परिणामांचे, आहे. जड केंद्रकाजवळून जाताना एस इलेक्ट्रॉनांचा वेग इतका वाढतो की ६एस कक्षक आकुंचन पावतो आणि त्याची ऊर्जा खाली येते. थॅलियमच्या शेजारच्या शिशातही हेच घडते; शिसे-आम्ल बॅटरी हे याचे ठळक उदाहरण आहे. तिच्या एका घटाचा विद्युतदाब साधारण २.१ व्होल्ट असतो आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार त्यांतील १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेमुळे मिळतात. शिशाचा डायऑक्साइड +४ अवस्थेतून +२ मध्ये येण्यास उत्सुक असतो, म्हणूनच गाडी सुरू होते. उलट शिशाच्याच गटातील, पण हलक्या कथिलाचे +२ क्लोराइड क्षपणकारक आहे, म्हणजे ते स्वतः इलेक्ट्रॉन देऊन +४ मध्ये जाते. मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात ते घातल्यावर आधी पांढरा आणि मग करडा अवक्षेप येतो, हे विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत पाहिलेले असते.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. पण मग टेट्राइथाइल लेड (शिशाला कार्बनमार्फत चार इथाइल गट जोडलेले संयुग) कसे टिकत असे? भारतात २००० पर्यंत ते पेट्रोलमध्ये मिसळले जात होते आणि त्यात तर शिसे +४ अवस्थेत आहे.

उत्तर १:
उत्तम शंका आहे. कार्बन हा क्लोरीनइतका विद्युतऋण (इलेक्ट्रॉन ओढणारा) नसल्यामुळे तो शिशाकडून इलेक्ट्रॉन फारसे ओढून घेत नाही, त्यामुळे शिशावरील प्रत्यक्ष धनभार कमी राहतो आणि ६एस कक्षक ६पी कक्षकांबरोबर बंधात सहभागी होऊ शकतो. शिशाच्या टेट्राक्लोराइडमध्ये शिशावरील धनभार वाढतो, ६एस अधिकच आकसतो आणि ६एस-६पी यांचे संकरण (बंधासाठी मिसळणे) बिघडते; म्हणून ते पिवळे द्रव साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर क्लोरीन सोडून डायक्लोराइड बनते. ‘+४’ हा आकडा दोन्हीकडे सारखा असला, तरी तो आपल्या हिशेबाच्या सोयीसाठी आहे. अणूवर तेवढा भार खरोखर असतो असे नाही. वर्गात ही दोन संयुगे शेजारी-शेजारी लिहून पाहावीत, असे सुचवतो.