नदीकाठच्या रिसॉर्टच्या पाटीवर ‘मगर’ हा शब्द का नसतो?

कृष्णाकाठची

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नणंद आणि तिची दोन मुलं आली होती. चुलीवरची भाकरी, हुरडा, नदीकाठी झोपाळा अशी जाहिरात बघून आम्ही सगळे सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठी, पलूस तालुक्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्रावर गेलो. नाव लिहीत नाही, कारण हे त्या एकट्याचं नाही. उसाच्या फडाच्या कडेनं मळीत, म्हणजे काठाच्या गाळाच्या जमिनीत, उतरलं की त्यांनी नदीला नव्या फरशीच्या पायऱ्या बांधल्यात. शेवटच्या तीन पाण्यात. शेजारी पाटी, ‘पाणी खोल आहे. पोहू नये.’

सकाळी नऊची वेळ. धुकं नुकतंच उठलेलं. सहा वर्षांचा भाचा खालच्या पायरीवर उकिडवा बसून कागदाची होडी सोडत होता. तो पोहत नव्हता, पाटीचं काही मोडत नव्हता. माझा जन्म या काठावरचा, त्यामुळं नजर आपोआप बाजूच्या गाळाकडं गेली. दहा-पंधरा पावलांवर ताजा घसरा होता. मधे शेपटीची रेघ, दोन्ही बाजूंना नख्यांचे ठसे, थेट पाण्यापर्यंत. घसरा ओला होता आणि मगर काठावर नव्हती. म्हणजे ती पाण्यात होती. मी पोराला दंडाला धरून वर ओढलं. होडी तिथंच राहिली.

तिथल्या माणसाला विचारलं तर म्हणाला, “हाय की एक मोठी. पण कुणाला काय करत न्हाई.” म्हणजे त्याला माहीत होतं. आम्हाला सांगितलं नव्हतं.

‘पोहू नये’ वाचणाऱ्याला वाटतं की धोका बुडण्याचा आहे, काठावर बसायला हरकत नाही. मगर माणसाला धरते ती बऱ्याचदा काठावरच. कपडे धुताना, तांब्या भरताना, वाकलेलं असताना. जून २०१६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या डिस्ने रिसॉर्टच्या तळ्याकाठी दोन वर्षांच्या मुलाला ॲलिगेटरनं, म्हणजे तिकडच्या मगरीसारख्या प्राण्यानं, ओढून नेलं. तो घोटाभर पाण्यात होता. तिथंही पाटी होती, पोहू नका एवढीच. ॲलिगेटरचं नाव पाटीवर आलं ते मूल गेल्यावर. काठाला दोर आणि दगडांची आडही नंतरच घातली. जगातल्या बड्या रिसॉर्टवाल्यांनी केलेली चूक आपण जशीच्या तशी करतोय.

माझं म्हणणं एवढंच. जो नदी दाखवून पैसे घेतो, त्यानं नदीत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहावं. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या बंद कराव्यात. तुम्हाला काय वाटतं?

चुलीवरचं

ताई, माझं केंद्र नदीलाच आहे, दुसऱ्या गावात. रागानं लिहीत नाही, पण आमची बाजू ऐका.

२०१९ च्या पुरात माझे दोन तंबू आणि स्वयंपाकघराची शेड वाहून गेली. कर्ज काढून उभं केलं, २०२१ ला परत पाणी आलं. एकट्या उसावर घर चालत नाही, म्हणून हा जोडधंदा. पर्यटन खात्याकडं रीतसर नोंदणी आहे. आता दारात ‘मगरींपासून सावधान’ लिहिलं तर पोरंबाळं घेऊन कोण येणार? एकानं पाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की पुढचे दोन महिने फोन वाजणार नाही. नदीत मगर आमच्या आधीपासून आहे. भिलवडीच्या घाटावर, औदुंबरला रोज लोक पाण्याला जातात. तिथं कुणी पायऱ्या बंद करत नाही, आणि आम्हीच का?

आम्ही पोरं पाण्याजवळ जाऊ देत नाही. माणूस ठेवलाय त्यासाठी.

कृष्णाकाठची

दादा, तुमचं नुकसान मला दिसतं. आमचीही दोन एकर वांगी २०१९ ला गेली. पण औदुंबरला होडी वल्हवणारा आणि भिलवडीला कपडे धुणारी, दोघांनाही नदी माहीत आहे. पाणी बघून पाय टाकतात. माझ्या नणंदेला घसरा म्हणजे काय हे माहीत नाही. ज्याला माहीत नाही त्याला बोलावून आणता, तेव्हा सांगण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. आणि ठेवलेला माणूस जेवायला गेला की?

रात्रीची_लाईट

माहीत असून काय होतं ताई? माझ्या चुलत्याचा जन्म गेला नदीवर. मोटरीचा फुटबॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप) गाळानं तुंबला म्हणून गुडघाभर पाण्यात उतरला होता. मांडीचा लचका गेला. जीव वाचला कारण भाऊ काठावर होता आणि त्यानं खोऱ्या मारला. आज चार वर्षं झाली, चुलता मळीत उतरत नाही.

तुम्ही पर्यटकांच्या पाटीवर बोलताय. शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असते. अकरा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला काठावर आम्हीच जातो. पाटी कुणाला दाखवता? मौजे डिग्रजला वीटभट्टीवरच्या कुटुंबातला पोरगा गेला, त्याला कुठली पाटी वाचवणार होती? मगरी धरून चांदोलीच्या जंगलात किंवा कुठं सोडायच्या तिथं सोडा. माणसाच्या वस्तीत त्यांचं काम नाही. फ्लोरिडाचं सांगताय तर पुढचंही सांगा. तिथं चार फूट किंवा त्याहून लांब ॲलिगेटर त्रासदायक ठरलं की सरकारी परवानाधारक माणूस येऊन घेऊन जातो.

रानवाट

दादा, तुमच्या चुलत्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. भरपाई मिळाली का? मगरीच्या हल्ल्यालाही वनखातं भरपाई देतं. राहिली असेल तर कळवा, कागद मी बघतो.

हलवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी वनखात्याबरोबर पुराच्या वेळी मगरी सोडवायच्या कामात असतो. फ्लोरिडात नेलेलं ॲलिगेटर बहुतेक वेळा मारलंच जातं. तिथं ते लाखांनी आहेत. आपली मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. आणि लांब सोडली तरी ती थांबेलच असं नाही. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या मगरी हेलिकॉप्टरनं लांब नेऊन सोडल्या, पाठीवर उपग्रहाचं यंत्र लावून. एक तर चारशे किलोमीटरच्या वर पोहून वीस दिवसांत मूळ जागी आली. जात वेगळी, पण घर न विसरण्याचा स्वभाव मगरींचाच. शिवाय मोठी मगर उचलली की तिची हद्द मोकळी होते आणि तिथं दुसरी येते. ती कुठं बसते, कधी निघते हे काठावरच्या कुणालाच माहीत नसतं.

चुलीवरचं दादा, एक थेट विचारतो. तुमच्याकडच्या पार्टीनंतर कोंबडीची आतडी, हाडकं कुठं जातात?

चुलीवरचं

खरं सांगतो. आधी नदीत जायची. गेल्या वर्षीपासून खड्ड्यात पुरतो, कारण कुत्री जमायला लागली होती.

रानवाट

पुरता हे फार चांगलं केलंत. पण बऱ्याच ठिकाणी अजून नदीतच टाकतात. त्या वासावर कुत्री येतात, कुत्र्यांवर मगर येते. काही ठिकाणी तर पाहुण्यांना फोटो मिळावा म्हणून मुद्दाम तुकडे टाकतात. माणूस दिसला की खायला मिळतं हे एकदा मगरीला कळलं की ती त्याच पायरीखाली, त्याच वेळेला येऊन थांबते. डोळे आणि नाकपुड्या सोडल्या तर वर काही दिसत नाही. याला मी पाटी न लावण्यापेक्षा मोठा गुन्हा मानतो.

फेब्रुवारी ते एप्रिल मादी काठाच्या मातीत अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत, म्हणजे मे-जूनपर्यंत, जवळपास राखण करते. नेमकी तेव्हाच शाळांना सुट्टी आणि केंद्रांवर गर्दी. नदीचं पाणीही तेव्हाच कमी, म्हणजे मगर आणि माणूस एकाच डोहावर.

कोथरूडकर

मी बाहेरचा, पण पर्यटक म्हणून बोलतो. आम्ही दर वर्षी सांगली-औदुंबर-नरसोबाची वाडी करतो. मला कुणी सांगितलं की इथं बारा फुटी मगर आहे, सकाळी वरच्या ओट्यावर बसा, समोरच्या गाळावर ऊन खायला येते, दुर्बीण आमच्याकडून घ्या, तर मी हुरड्याच्या आधी त्यासाठी येईन. गोव्यात कंबरजुव्याच्या कालव्यात लोक पैसे देऊन मगरी बघायला जातात. न सांगता मुलाला पायरीवर बसू दिलंत आणि नंतर कळलं, तर मात्र मी परत येणार नाही आणि ओळखीच्या कुणाला येऊ देणार नाही. तुम्ही ज्याला धंद्याचं नुकसान समजताय तेच दाखवण्यासारखं आहे.

रात्रीची_लाईट

साहेब, तुम्ही ओट्यावरून दुर्बिणीनं बघाल. आम्हाला तिच्या शेजारी मोटर चालू करायची आहे. तुमच्या दुर्बिणीसाठी आमच्या नदीत मगर वाढवायची हे मला पटत नाही.

कोथरूडकर

तुमचा आक्षेप बरोबर आहे. मी फक्त पाटीनं धंदा बुडतो या मुद्द्यावर बोललो. तुमच्या मोटरीचं उत्तर माझ्याकडं नाही.

बर्गेवाला

पाटबंधारे खात्यातून निवृत्त आहे, अठ्ठावीस वर्षं कृष्णेवर काढली. एक-दोन गोष्टी सांगतो.

पूर्वी उन्हाळ्यात नदी वाहायची आणि मधे वाळूची बेटं उघडी पडायची. मगर तिथं पडून राहायची, माणसापासून लांब. आता बंधाऱ्यांमागं पाणी साचून आहे, बेटं वाळू उपशात गेली, काठाची माती वीटभट्ट्यांनी नेली. तिला ऊन खायला आणि अंडी घालायला तुमची मळीच राहिली. त्यामुळं मगरी वाढल्या की फक्त जवळ आल्या, हे मला नुसतं काठावर उभं राहून सांगता येत नाही. जवळ आल्या हे मात्र नक्की.

दुसरं. श्रीलंकेत निलवला नदीवर आंघोळीच्या जागी पाण्यातच कुंपण घालतात. तीन बाजूंनी खांब आणि जाळी, आत माणसं, बाहेर मगर. आपल्याकडं हे सुचवलं की लोक म्हणतात, पुरात वाहून जाईल. खरं आहे. २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, तिथं कसली जाळी टिकणार! पण कोल्हापुरी बंधाऱ्याला आपण काय करतो? पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढतो, पाऊस ओसरला की ऑक्टोबरात परत बसवतो. जाळीचंही तसंच करायचं. काठात काँक्रीटच्या खाचा कायमच्या, त्यात लोखंडी चौकटी सरकवायच्या. जूनमध्ये काढून शाळेच्या पडवीत ठेवायच्या. हे काम गावातला कुठलाही फॅब्रिकेशनवाला करील. चौकट तळाला टेकली पाहिजे आणि पाण्यावर हातभर उंच पाहिजे, नाहीतर आत शिरलेली मगर आतच अडकायची. दर आठवड्याला खालचा गाळ बघावा लागेल.

मोटरीसाठी सांगतो. फुटबॉल्व्ह काढायला पाण्यात उतरायची वेळच येऊ नये. पाइपला तरंगता पिंप आणि काठावर हातरहाट बसवला की व्हॉल्व्ह ओढून वर घेता येतो. खर्च एका मोटरीच्या दुरुस्तीपेक्षा जास्त नाही.

चुलीवरचं

आण्णा, चौकट किती रुंद लागेल? माझ्या पायऱ्या बारा फुटी आहेत.

बर्गेवाला

पायऱ्या ठेवायच्याच कशाला? पाहुण्यांना पाण्यात उतरायची गरज नाही. वर रेलिंग घाला, पायऱ्यांना कुलूपबंद फाटक. जाळी जिथं लोकांना उतरावंच लागतं तिथं.

घाटावरची

इथं पहिल्यांदाच लिहिते. आमच्या गावाला नळ आहे, पण दिवसाआड येतो आणि पाणी पुरत नाही. घरात सासू-सासरे, तीन पोरं, दीर. एवढ्या माणसांच्या गोधड्या-चादरी नदीवरच जातात. आम्ही आठ-दहा बायका मिळूनच जातो. एक दगडावर उभी राहून पाण्याकडं बघत राहते, बाकीच्या धुतात. पाळी लावली आहे आम्ही. बघणाऱ्या बाईनं फोनकडं बघायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. दोनदा तिनं आवाज दिला म्हणून आम्ही कपडे टाकून वर पळालो. एकदा खरी मगर होती, एकदा ओंडका होता. ओंडक्याला आम्ही हसलो नाही.

वरचं सगळं वाचलं. पाटी पाहुण्यांना, दुर्बीण पाहुण्यांना. कृष्णाकाठची ताई, तुमच्या भाच्याला तुम्ही वेळेत ओढलंत, बरं झालं. पण तो दोन दिवसांनी पुण्याला गेला. माझी पोरगी वर्षाचे बारा महिने इथंच आहे. जाळी आली तर ती आधी कुठं बसवणार, रिसॉर्टच्या पायऱ्यांना की आमच्या घाटाला?

कृष्णाकाठची

ताई, तुमच्या घाटाला. मी धागा काढला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त भाचा होता, हे मान्य करते. पाटीचा आग्रह मी सोडत नाही, पण जाळीचा पहिला हक्क तुमचा.

आण्णा, चौकटीचं मोजमाप आणि एका घाटाला अंदाजे किती लोखंड लागेल ते लिहून द्याल का? २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी आमच्या गावात विषय ठेवते. घाटावरची ताई, तुमच्या गावात तुम्ही ठेवा. बायका मिळून गेलात तर विषय कागदावर येतोच.

चुलीवरचं

माझ्या गावात मी ठेवतो. पहिल्या घाटाच्या चौकटींचं लोखंड माझ्याकडून. पाटीचा मजकूर कुणीतरी नीट लिहून द्या, मला नेमके शब्द सुचत नाहीत.

रानवाट

हे लावा, लाल अक्षरात, लांबून दिसेल असं:

‘या नदीत मगरी आहेत. पाण्यापासून पंधरा फूट लांब राहा. काठावर वाकू नका, बसू नका. लहान मुलांचा हात सोडू नका. नदीत खरकटं टाकू नका. मगर दिसल्यास वनखात्याला १९२६ वर फोन करा.’

खाली मगरीचं चित्र हवंच. वीटभट्टीवरच्या पोरांना अक्षरं वाचता येतीलच असं नाही.

रात्रीची_लाईट

मगरी हलवाव्यात हे माझं मत अजून तेच आहे. पण आण्णा, त्या तरंगत्या पिंपाचा आणि हातरहाटाचा फोटो असेल तर टाका. रविवारी चुलत्याच्या मोटरीला बसवून बघतो.