शेवाळाचा अर्क म्हणजे अँटिबायोटिक नव्हे

सूक्ष्मदर्शी: काल इथे कुणीतरी टाकलं, "समुद्री शेवाळाचा अर्क हे निसर्गाचं अँटिबायोटिक, गोळ्या सोडा." वाचून झोप आली नाही. १६ वर्षं लॅबमध्ये काढलीत मी. सारगॅसम हे तपकिरी शेवाळ सुकवायचं, मिथेनॉलमध्ये भिजवायचं, आटवून उरलेला चिकट, काळपट हिरवा अर्क कागदाच्या चकतीवर टाकायचा आणि ती चकती जिवाणूंच्या थाळीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू वाढलेला नसतो. ते स्वच्छ वर्तुळ खरं आहे, पट्टीने मोजलंय. पण शेजारच्या जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या चकतीवर १० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि अर्क आपण मिलिग्रॅमने ओततो! शिवाय यातली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात. रक्तात प्रथिनं काय कमी आहेत?

बंदरकर: म्हणजे गुण आहे, फक्त तुम्हाला कबूल करवत नाही. ऑस्ट्रेलियातलं डेलिसिया पुल्क्रा हे लाल शेवाळ घ्या. त्यातली फ्युरॅनोनं ही रसायनं जिवाणूंचे आपसातले निरोप तोडतात, म्हणून त्यांचा थरच जमत नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने नव्वदच्या दशकात दाखवलंय हे. आणि आयोडीन? १८११ मध्ये कुर्त्वा या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ते शेवाळाच्या राखेतच सापडलं.

सूक्ष्मदर्शी: आयोडीन मान्य. पण ते मूलद्रव्य आहे, अर्क नव्हे. फ्युरॅनोनं माणसाला देण्याइतकी निर्धोक नाहीत. आणि ज्या अगारवर, म्हणजे थाळीतल्या जेलीवर, आम्ही जिवाणू वाढवतो तोही लाल शेवाळाचाच. शेवाळ म्हटलं की जंतू मेले, असं नसतं.

खडपावरची: तुमची वर्तुळं राहू द्या बाजूला. गणपती झाले की आमच्या खडपावर, किनाऱ्याच्या खडकांवर, शेवाळासाठी पिशव्या घेऊन मंडळी येतात आणि सुरीने बुडासकट खरवडून नेतात. बूड राहिलं तर सारगॅसम पुन्हा फुटतं, खरवडलं तर खडक बोडका. आईबरोबर कालवं काढायला जायचे तेव्हा शेवाळ बाजूला सारलं की खाली बोटाएवढी पिल्लं पळायची. आता त्या जागी पाय घसरत नाही, एवढं कोरडं झालंय.

बंदरकर: संशोधनाच्या प्रोजेक्टला लागणाऱ्या २०० ग्रॅमने समुद्र रिकामा होतो का ताई? राग ट्रॉलरवर काढा.

खडपावरची: २०० ग्रॅम? गेल्या वर्षी एका सकाळी ६ पोती मोजलीत मी! तुम्ही औषध औषध म्हणून गाजवता, आमचं खडप सोलून निघतं.

बंदरकर: मग लागवड करा. तमिळनाडूत मंडपमला बायका तराफ्यांवर कप्पाफायकस हे बाहेरून आणलेलं शेवाळ लावतातच.

खडपावरची: तेच कप्पाफायकस तिथल्याच कुरुसडई बेटाजवळ पोवळ्यांवर पसरलं, ते नाही सांगितलंत. परकं शेवाळ आमच्या पाण्यात नको म्हणजे नको.

सूक्ष्मदर्शी: मूळ मुद्द्यावर येते. माझ्या मावशीला मधुमेह. पायाच्या जखमेवर दोन आठवडे शेवाळाची जेल लावत बसली, कारण कुणीतरी असंच लिहिलं होतं. अंगठा गेला. रोज ड्रेसिंग मी केलंय, तो वास अजून नाकात आहे.

बंदरकर: वाईट झालं. तसल्या जखमेवर जेल लावा असं मीही म्हणणार नाही. पण हॉस्पिटलात ठेवतात ती अल्जिनेटची पट्टी तपकिरी शेवाळातल्या द्रव्याचीच असते.

सूक्ष्मदर्शी: हो, तीच लावली होती. ती ओल शोषते. जंतू मारायला शिरेतून अँटिबायोटिक चालू होतं.

बंदरकर: ठीक. "गोळ्या सोडा" हे चूक, एवढं मान्य. संशोधन थांबवा म्हणाल तर नाही ऐकणार.

खडपावरची: करा संशोधन. पण सुरी घेऊन येण्याआधी अमावास्येच्या ओहोटीला या, बूड राखून कसं कापायचं ते दाखवते.